पर्णवटवट्या अन् कानवाल्या मॅडम

गार्गीनं आवाज सोडलाच नव्हता, आणि तरी काचेपलीकडच्या त्या माणसानं बटण दाबलं.

तिनं यंत्राकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. कानांवर हेडफोन चढवून तो परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता, आणि थेट तिच्याकडेच बघत होता. गार्गीला शंका आली. यंत्राला हात न लावता तिनं नुसती भुवई उचलली.

त्यानं लगेच बटण दाबलं.

“असं होय!” ती स्वतःशीच म्हणाली, उठली आणि त्या आवाजबंद खोलीचं जाड दार उघडून आत डोकावली.

“इंद्रभान तुम्हीच ना? कानानं ऐकताय की डोळ्यानं?”

त्यानं हेडफोन काढला. तिशीच्या आतला, उन्हानं रापलेला, दाढीची दोन दिवस आठवण न झालेला. चोरी पकडली गेल्यासारखा ओशाळून हसला.

“आवाज सोडायच्या आधी तुमी डावी भुवई उचलता, मॅडम. जराशीच.”

“इतकी वर्षं मी हे काम करतेय. आजवर कुणी बोललं नाही मला.”

“कोणी पाह्यलं नसन.”

गार्गीला आपलेच कान गरम झाल्यासारखे वाटले... दुसऱ्यांचे कान तपासणाऱ्या बाईला हे शोभतं का? ती बाहेर आली आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसली.

बुलढाण्यात तिला सगळे ‘कानवाल्या मॅडम’ म्हणत. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मागच्या बाजूला तिची ती इवलीशी खोली होती. तिथं येणाऱ्या म्हाताऱ्या “मला चांगलं ऐकू येतं, सूनच तोंडातल्या तोंडात बोलते,” अशी तक्रार घेऊन यायच्या आणि लाजत लाजत कानाचं मशीन लावून जायच्या. तरुण माणूस एकटा, स्वतःहून, “फक्त कान तपासायचे,” म्हणत आलेला मात्र क्वचितच. त्या दिवशी दवाखान्याच्या प्रतीक्षा डॉक्टर शिबिराला बाहेरगावी होत्या. गार्गीनं त्याच्या कानांत बत्ती मारून पाहिलं होतं. मळ नव्हता. पडदा जरा मळकट वाटला, पण त्यावर बोलायचं ते डॉक्टरांनी.

पाठ फिरवून तिनं तपासणी पुन्हा सुरू केली. जाडे, घुमणारे आवाज त्यानं ओळखले, तेही जरा मोठे केल्यावर. आवाज बारीक होत गेले तसा बटणाचा लाल दिवा लागेनासा झाला. तिनं आवाज वाढवला. दिवा नाही. आणखी वाढवला... मग कुठे लागला. संगणकाच्या पडद्यावर ठिपके एकेक करून खाली उतरत गेले.

ती वळली तेव्हा तो तिच्या मागेच उभा होता. कधी बाहेर आला कोण जाणे. मघाचं हसू चेहऱ्यावरून पुसून गेलं होतं.

“आमच्या बाबाची बी रेघ अशीच उतरती हाय,” तो म्हणाला. “चाळिशीतच गेले त्याईचे कान. नस सुकली म्हणे डॉक्टर.”

“थांबा हो, ही अर्धीच तपासणी झाली. अजून कानामागे हाडावर एक—”

“अमडापूरची गाडी निघून जाईन,” तो म्हणाला आणि गेलाही.

तिनं त्याला फोन केला. अर्धवट तपासणी सोडून गेलेल्यांना फोन करायचं काम खरं तर बाहेरच्या टेबलावरच्या विमलबाईंचं. पण विमलबाई कामात होत्या, असं गार्गीनं ठरवून टाकलं. त्या दिवशी त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर एका सकाळी उचलला.

“कोण?”

“गार्गी बोलतेय. दवाखान्यातून.”

“भुवईवाल्या मॅडम!”

“तुमची अर्धी तपासणी राहिलीय.”

“अर्धी पाह्यली तेवढी पुरे झाली.”

“अर्धा पिक्चर बघून उठतं का कुणी?”

“शेवट माईत असला तर उठते.”

“मी हे शिकले, मला अजून शेवट माहीत नाही. तुम्हाला कसा हो माहीत?”

पलीकडे, त्याच्या मागे काहीतरी बारीक, टोकदार वाजत होतं.

“तुमच्याकडे तो कुठला पक्षी ओरडतोय?” तिनं सहज विचारलं. “चि-ली... चि-ली... असा?”

“तुमाले फोनातून आयकू आलं?” त्याचा आवाज एकदम खाली गेला होता.

“हो. का?”

“मी त्याच झाडाखाली उभा हाय, मॅडम... मले नाई आलं.”

मग हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. त्याचं शिक्षण प्राणिशास्त्राचं, अभ्यास एका चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्याचा, पर्णवटवट्याचा. उन्हाळ्यात हा पक्षी हिमालयातल्या उंच जंगलांत घरटं करतो, हिवाळ्यात खाली उतरतो, पार आपल्या बोथ्याच्या जंगलापर्यंत. पक्षी परत जातील तेव्हा त्यांच्या पाठोपाठ इंद्रभानलाही तिकडं रुजू व्हायचं होतं. मनासारखी नेमणूक मिळाली होती. पण काम सगळं हाकेवरून ओळखण्याचं. मशीननं आवाज टिपता येतात, पण मशीन कुठं धरायचं हे आधी कानालाच कळावं लागतं.

“येत नाई म्हणून कळवून टाकतो आता,” तो म्हणाला. “बाबाले अजून सांगतलं नाई. त्याईले वाटन, त्याईच्याच मुळं झालं.”

“कळवू नका,” गार्गी घाईनं म्हणाली. “आधी उरलेली तपासणी करा.”

“अन् तेच निघालं तर? भेव वाटते मॅडम, खरं सांगतो.”

“मग... काय केलं तर याल?”

तो जरा घुटमळला. “एक सकाळ मायासंग जंगलात येता? इकडचं जराक काम राह्यलं. कान तुमचे, डोळे माये. मंग मी तुमच्या त्या डब्ब्यात बसतो. तुमी म्हणसान तेवढा वेळ.”

“डब्बा नाही, खोली आहे ती,” गार्गी म्हणाली. आणि मग, स्वतःलाच नवल वाटावं अशा आवाजात: “येते.”

आईला तिनं सांगितलं, एका पेशंटचं काम आहे, बोथ्याला जाऊन येते.

“पेशंट जंगलात राहतो का गं?” शारदाबाईंनी डबा भरता भरता विचारलं. पण पराठे मात्र दोघांना पुरतील एवढे भरले.

फेब्रुवारीची सकाळ होती. पुढे त्याची मोटारसायकल, मागे तिची स्कूटी. वळणावळणानं रस्ता खाली उतरत होता, गारठ्यानं बोटं आखडत होती आणि सागाची वाळकी पानं चाकांखाली पापडासारखी मोडत होती. मध्येच एखादा पळस केशरी पेटून उभा. नाक्यावर रीतसर नोंद करून ते आत शिरले आणि एका कोरड्या नाल्याच्या काठाशी थांबले.

“तो पाहा,” त्यानं बोट केलं. “अंजनाच्या शेंड्यावर, डाव्या फांदीले.”

दुर्बिणीतून बराच वेळ तिला नुसती पानंच दिसली. मग एक पान हललं आणि त्याचा पक्षी झाला. चिमणीहून लहान, वरून हिरवट, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट पिवळी भुवई. एका जागी ठरेल तर शपथ.

“अय्या, केवढासा! आणि नाव काय म्हणालात, वटवट्या?”

“पर्णवटवट्या. पानापानात वटवट करत फिरते म्हणून.”

“मग माणसांमध्येही आहेत की या जातीचे. एक तर माझ्याशेजारीच उभा आहे.”

तो मोठ्यानं हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. पक्षी उडाला नाही.

“यायचं जातीचंच तर सगळं भांडण हाय,” तो कुजबुजला. “हा हिरवट. याचा एक सोयरा हाय, पार पश्चिमेकडच्या डोंगरातला. तो जराक पिवळा असते, पण लांबून दोघं सारखेच. पयले दोघायले एकच धरत. मंग कोणी म्हणे वेगळे, कोणी म्हणे एकच. आजबी सारे शास्त्रज्ञ एकमतानं बोलत नाईत. पण हाक पाहाल तर हा म्हणते ‘चि-ली’, दोन तुकडे. तो म्हणते ‘चि-रि-ली’, तीन. आपल्याले तेच टिपायचं हाय. दोन का तीन.”

“आणि गाणं?”

“गाण्याची तर लय मजा. हिमालयात या डोंगरावरून त्या डोंगरावर जा, गाणं जरा जरा बदलते. कसं, आपली बोली अमडापूरले एक अन् धाड गावाकडं गेलं की वेगळीच लागते, तसं. शेजारचे एकमेकाले समजतात. पण बदलत बदलत पार पलीकडं गेलं, की तिथचे दोन पक्षी एकाच झाडावर बसतात अन् एकमेकाचं गाणं ओळखतच नाईत.”

“मग ते वेगळे?”

“मंग ते वेगळे. ज्यानं गाणं ओळखलं, तो आपला. त्यायच्यात जात पाह्याची रीत एवढीच.”

गार्गीनं दुर्बीण उगाचच पुन्हा डोळ्यांना लावली. तिच्या तोंडावर येऊ पाहणारं वाक्य फार लवकरचं होतं...

मग त्यांनी काम केलं. तो झाड दाखवायचा, ती डोळे मिटून ऐकायची आणि बोटं वर करायची. दोन. दोन. पुन्हा दोन. ऊन नाल्यात उतरलं तेव्हा ती एकदम थबकली आणि तिनं तीन बोटं वर केली.

इंद्रभानचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! “तीन? या भागात? नक्की मॅडम? लय भारी होईन हे!”

तिला फार वाटलं ‘नक्की’ म्हणावं. त्या चेहऱ्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं. पण तिनं ओठ मिटले, डोळे मिटले आणि पुन्हा ऐकलं. बराच वेळ.

“नाही,” ती शेवटी म्हणाली. “दोन पक्षी होते. एकाचं संपता संपता दुसऱ्यानं सुरू केलं. दोनच आहे... सॉरी.”

“सॉरी काऊन?” तो तिच्याकडे बघतच राहिला. “मले बरं वाटावं म्हणून तुमी तीन नाई म्हटलं.”

“असं कसं म्हणेन?”

“तेच तं.” त्यानं खांद्यावरची झोळी सावरली. “तुमच्या मशीनीचं बी मले असंच सांगा. जे असन ते. मी उद्याच येतो. बाबाले घेऊनच येतो, लपवत नाई आता.”

पराठे खाताना शेवटचा अर्धा पराठा कुणी खायचा यावर बराच वाद झाला.

दुसऱ्या दिवशी इंद्रभानचे बाबा, भगवंतराव, धुतलेली टोपी घालून काचेबाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. ते फक्त गार्गीचा चेहरा बघत होते. मुलगा आत, बाप बाहेर, आणि दोघांची नजर तिच्यावर. आज भुवईच काय, पापणीसुद्धा हलवायची नाही असं ठरवून तिनं खुर्ची फिरवली.

कानामागच्या हाडावर एक छोटी डबी टेकवून या उरलेल्या तपासणीतला आवाज देतात. तो कानाच्या वाटेनं जात नाही, हाडातून थेट आतल्या नसेपर्यंत पोचतो. आता दिवा लागला तर नस शाबूत आणि अडचण नुसती वाटेत. नाही लागला, तर...

तिनं जाडा आवाज सोडला. दिवा लागला. हे होणारच होतं. ती बारीक आवाजाकडे वळली. बोट यंत्रावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. किती तरी माणसं या खोलीत येऊन गेली, कुणासाठी तिनं असं केलं नव्हतं.

आवाज सोडला. अगदी हळू.

दिवा लागला.

आणखी बारीक, आणखी हळू. लागला! तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या कानाला लावून पाहिलं. मग जंगलातल्या त्या हाकेइतका, सुईच्या टोकासारखा आवाज... आणि लाल दिवा पुन्हा लखकन लागला.

प्रतीक्षा डॉक्टरांनी पडदे तपासले, गार्गीकडून पडद्यामागच्या दाबाची तपासणीही करवून घेतली आणि मग इंद्रभानला झापलं. “मध्यंतरी सर्दी झाली होती ना? अंगावर काढली. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलंय, डाव्या बाजूला जास्त. नस एकदम ठणठणीत आहे. औषधं घ्या, पुन्हा दाखवा. बहुतेक आपोआप उतरेल, नाही उतरलं तर बारीकसं छिद्र पाडून काढू. घाबरण्यासारखं काही नाही.”

इंद्रभान नुसता खुर्चीत सैल पडला, डोक्यावरचा भारा उतरवून बांधावर टेकलेल्या माणसासारखा.

भगवंतराव दारात येऊन उभे होते. “पोरी,” ते गार्गीला म्हणाले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं जरा मोठ्यानं. “मायाकडून त नाई न गेलं त्याच्यात?”

गार्गीनं त्यांच्यासमोर उभं राहून सावकाश मान हलवली. नाही. मग त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, “सर्दी. नुसती सर्दी.”

म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि तीच तोंडाला लावून तिथल्या तिथे रडून घेतलं. गार्गीनं त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. मग म्हणाली, “आता आलाच आहात तर तुमचेही कान बघू द्या.” आजवर ते नवीन मशीनला नकोच म्हणत आले होते. त्या दिवशी त्यांनी निमूट कान पुढे केला.

पुढच्या दिवसांत इंद्रभानचं बुलढाण्याला येणं फार वाढलं. कधी औषधाबद्दल विचारायला, कधी बाबांच्या मशीनचा सेल आणायला. सेल म्हणे अमडापुरात मिळत नव्हते. विमलबाई सेल काढून द्यायला उठल्या, की हा म्हणायचा, “राहू द्या बाई, मॅडमच देतीन.” शेवटच्या तपासणीत त्याच्या कानांच्या रेघा पडद्यावर सरळ आल्या.

“झालं,” गार्गी म्हणाली. “एकदम बरे. आता यायची गरज नाही.”

हे वाक्य ती रोज आनंदानं म्हणत असे. आज ते म्हणताना तिनं संगणकाकडेच पाहिलं. तोही “बरं,” एवढंच म्हणाला आणि दाराशी उगाचच रेंगाळला.

एप्रिल उजाडला. बोथ्यातली वटवट थांबली, पक्षी उत्तरेकडे निघाले. इंद्रभानची रेल्वे मलकापूरहून होती.

बुलढाण्याच्या स्टँडवर तो सामान घेऊन उभा होता, तेव्हा पर्स खांद्याला लावून गार्गी समोर आली.

“तुमी?”

“मलाही मलकापूरला काम आहे.”

“कायचं?”

“आहे एक.”

एसटी खच्चून भरलेली. दोघांना मागची जागा मिळाली. राजूरच्या घाटात गाडी वळणं घेत उतरू लागली तशा खिडक्यांच्या काचा, पत्रा, सीटांचे नटबोल्ट सगळे एकदम बोलू लागले. उन्हाची झळ आत येत होती. इंद्रभाननं तिच्याकडे न बघता काहीतरी म्हटलं.

“काय?”

त्यानं पुन्हा म्हटलं. कान लाल झाले होते त्याचे, एवढं तिला दिसलं. शब्द मात्र पत्र्यानं गिळले.

“ऐकू येत नाही हो!”

“घाट उतरल्यावर सांगतो!” तो ओरडला.

घाट उतरला, पण खडखडाट काही उतरला नाही. मोताळा आलं. शेवटी त्यानं डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि इंजिनाच्या वर जाईल अशा आवाजात सांगून टाकलं... नेमकं त्याच क्षणी ड्रायव्हरनं स्टँडवर गाडी उभी करून इंजिन बंद केलं.

“मले तुमी लय आवडता! लग्न करसान का मायाशी?”

अख्खी एसटी चिडीचूप. पुढच्या सीटवरच्या, मांडीवर वांग्यांची टोपली घेतलेल्या एका बाईनं सावकाश मागं वळून पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. गार्गीला वाटलं खिडकीतून उडी टाकावी. इंद्रभानला तर खिडकीही सापडेना.

“अवं माय,” वांगेवाली बाई गार्गीला म्हणाली, “पोरगा सांगून राह्यला न. तोंड उघड की आता!”

“हाव मॅडम,” दारातून कंडक्टर म्हणाला. “तुमचं काय ते होऊ द्या, मंग डबल बेल देतो.”

गार्गी हसू लागली. कधीपासून आत कोंडलेलं काहीतरी त्या हसण्याबरोबर मोकळं झालं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओढणीनं ते टिपत ती त्याच्याकडे झुकली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाणार नाही अशा, अगदी इवल्याशा आवाजात म्हणाली,

“मलकापूरला माझं काहीच काम नाही... तुला सोडायलाच आले. आणि हो, करीन. सप्टेंबरात पाखरं परत येतील तेव्हा आधी आईला भेटायला यायचं.”

“काय म्हणे हो?” वांगेवाली बाई अधीर झाली. “आमाले काई आयकू नाई आलं!”

“मले आलं!” इंद्रभान म्हणाला. त्यानं तिचा हात सगळ्यांदेखत घट्ट धरला. “मले सगळं आयकू आलं, मावशी.”

कंडक्टरनं दोनदा दोरी ओढली.